रिपोर्ट लाल, कुत्रं ठणठणीत

पारोळ्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. त्यांचं पामेरियन सात वर्षांचं. दातांवर किटण चढलं म्हणून साफ करायला धुळ्याला नेलं, भूल देण्याआधी रक्त तपासलं, तर एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज दोन्ही वाढलेले निघाले. घरी मात्र ते पोटभर जेवतं, बेल वाजली की दारापर्यंत भुंकत धावतं. शेजारचे म्हणतात, याचं लिव्हर गेलं. खरं का?

ताई, एवढ्यावरून लिव्हर गेलं असं कुणी म्हणू नये. पण धावतंय ना, मग सोडून द्या, असंही मी म्हणणार नाही. यकृताची राखीव ताकद दांडगी असते. त्याचं जवळपास तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत कुत्रं वरून धडधाकट दिसू शकतं. लक्षण दिसेपर्यंत थांबलं, तर हातातला वेळ निघून गेलेला असतो. म्हणून तुमच्या कुत्र्याचा हा रिपोर्ट लवकर हाती आला, हे बरंच झालं.

आधी तो कागद नीट पाहा. तालुक्याच्या गावात कुत्र्याचं रक्त बहुतेक वेळा माणसांच्याच लॅबमध्ये जातं. मशीन आकडा काढून देतं, पण शेजारी छापलेली मर्यादा असते माणसाची. माणसात एसजीपीटी चाळीस-पन्नासच्या वर गेला की लाल होतो. कुत्र्यात शंभरच्या आसपासपर्यंत तो बहुतेक लॅबमध्ये नॉर्मल धरतात. अल्ब्युमिन 3 आलं की कागदावर 'कमी' छापून येतं, कुत्र्याला मात्र ते चालतं. बिलिरुबिनचं नेमकं उलटं होतं. माणसात 1 हा आकडा बिनधास्त पास होतो, कुत्र्यात तो जास्तच समजायचा. म्हणजे त्याच कागदावर एका ठिकाणी उगाच घाबरवलेलं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी खरी गोष्ट दडून राहिलेली असते. आणखी एक. मे महिन्याच्या उन्हात बर्फाशिवाय गाडीच्या डिक्कीतून गेलेलं रक्त फुटतं, आणि फुटलेल्या रक्ताचे आकडे भरवशाचे नसतात. नमुना उपाशीपोटी घेतला होता का, हेही विचारा. जेवणानंतरच्या दुधाळ रक्तावर मशीन फसतं.

आता त्या दोन आकड्यांचा अर्थ. एसजीपीटी यकृताच्या पेशींच्या आत असतो. पेशी दुखावली की तो रक्तात उतरतो. तो वाढला म्हणजे पेशींना इजा झाली एवढंच कळतं. यकृत काम किती करतंय हे त्यातून कळत नाही. फॉस्फेटेजचा स्वभाव वेगळा. पित्ताची वाट अडली की तो वाढतो, वाढत्या पिल्लात हाडांमुळे वाढतो, आणि कुत्र्यात खास म्हणजे स्टेरॉइडमुळे वाढतो. खाज सुटली की 'एक इंजेक्शन मारून द्या' म्हणून दवाखान्यात येणारे कितीतरी लोक मी रोज पाहतो. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं, आणि काही इंजेक्शनांचा असर कित्येक आठवडे टिकतो. कानात आणि डोळ्यात घालायच्या थेंबांतही ते असू शकतं. फिट्ससाठी फेनोबार्बिटोन चालू असेल तरी फॉस्फेटेज वर जातो. म्हणून गेल्या तीन महिन्यांत काय काय दिलं ते आठवून डॉक्टरांना सांगा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्याही त्यात आल्या. घरातली पॅरासिटामॉल किंवा दुखण्याची कुठलीही गोळी कुत्र्याला द्यायची नाही. शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल आणि बंगल्यापुढच्या कुंडीतलं सायकस, विशेषतः त्याच्या बिया, ही दोन्ही कुत्र्याच्या यकृतासाठी थेट विष आहेत.

पण आपल्या खानदेशात मला सगळ्यात आधी विचारावंसं वाटतं ते ताटातलं. कुत्रं खातं काय? उत्तर ठरलेलं असतं: 'आमचंच खातं, भाकरी-दूध.' ठीक. पण भाकरी कोणत्या धान्याची? परतीच्या पावसात भिजलेला मका, कोठीच्या तळाशी राहिलेली काळपट बाजरी, खवट शेंगदाणे, हे घरात कुणी खात नाही आणि टाकवतही नाही. मग 'जनावराला चालतं' म्हणून ते दळून कुत्र्यासाठी वेगळी जाड भाकरी होते. जनावराला ते चालत नाही. मका आणि भुईमूग यांच्यावर वाढणारी एक हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि त्याचा पहिला घाव यकृतावर पडतो. बुरशी झटकली, धान्य धुतलं, भाकरी खरपूस भाजली, तरी भरवशानं ते जात नाही. डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही.

याचा पुरावा आपल्यापासून फार लांब नाही. 1974 सालच्या शरद ऋतूत गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा या दोन शेजारच्या जिल्ह्यांत दोनशेहून अधिक गावांमध्ये काविळीची साथ आली. रोगी प्रामुख्याने भिल्ल कुटुंबांतले, ज्यांचं मुख्य अन्न मका. अवकाळी पावसात भिजलेली कणसं तशीच साठवली गेली होती. 397 रुग्णांची नोंद झाली, त्यांतले 106 दगावले. संशोधकांनी घराघरांत विचारपूस केली तेव्हा कळलं, की त्याच घरांतली कुत्रीही कावीळ होऊन आणि पोटात पाणी भरून मेली होती. माणूस आणि कुत्रं एकाच भाकरीचे वाटेकरी होते. अमेरिकेतही 2005 मध्ये आणि पुन्हा 2020च्या अखेरीस पाकिटबंद खाद्यात हेच विष सापडलं आणि दोन्ही वेळा अनेक कुत्री मेली. त्यामुळे पाकिटाचं खाद्य म्हणजे सुरक्षितच, असंही नाही. फाटलेल्या पोत्यातलं, पावसाळ्यात ओल धरलेलं सुटं खाद्य घेऊ नका.

थोडं थोडं रोज पोटात गेलं तर लगेच कावीळ होत नाही. आकडा तेवढा वर सरकत राहतो. आणि चार-पाच किलोच्या कुत्र्यात लहानशी मात्राही वजनाच्या हिशेबानं मोठी ठरते. तेव्हा आजपासून खराब धान्य बंद. शेवभाजीचा रस्सा, भजी, तळलेलं, हेही बंद. त्यानं यकृताच्या आधी स्वादुपिंड बिघडतं.

गोचीड हा दुसरा संशयित. गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकियाच्या तापात एसजीपीटी वाढतो आणि प्लेटलेट घसरतात. त्याचा जुनाट प्रकार महिनोन्‌महिने गुपचूप राहतो. साधा सीबीसी केला तरी शंका घेता येते.

लहान जातींची एक वेगळी गोष्टही लक्षात ठेवा. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज यांसारख्या कुत्र्यांत जन्मतःच एखादी रक्तवाहिनी यकृताला वळसा घालून जाते. आतड्यातलं रक्त गाळलं न जाताच अंगभर फिरतं. गंमत म्हणजे अशा कुत्र्याचा एसजीपीटी कित्येकदा जवळपास नॉर्मल असतो! तिथं दुसऱ्याच खुणा बघायच्या: भावंडांपेक्षा अंगानं लहान राहिलेलं पिल्लू, जेवणानंतर सुस्त होणं, भुलीतून उशिरा जागं होणं, लहान वयात लघवीत खडे, रक्तात युरिया आणि अल्ब्युमिन कमी. त्यासाठी बाइल ॲसिडची तपासणी असते. एक नमुना उपाशीपोटी, मग थोडं जेवण, दोन तासांनी दुसरा. यकृताला काम जमतंय का, हे त्यातून बरंचसं कळतं.

मग तुम्ही काय करायचं? कुत्रं बरं असेल तर औषधं आणि खाण्यातले दोष दूर करून तीन-चार आठवड्यांनी तपासणी परत करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. एकदाच झालेली इजा असेल तर एवढ्यात एसजीपीटी खाली येतो. कुत्र्याच्या मर्यादेच्या दुपटीवर अडूनच राहिला, तर बाइल ॲसिड आणि सोनोग्राफी करा. सोनोग्राफी कुत्र्यांची सवय असलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्या. पित्ताशयात घट्ट चिखल साचलाय का, हेही तीत दिसतं. पारोळ्याहून धुळे आणि जळगाव दोन्ही हमरस्त्यावर आहेत. तुकडा काढून तपासायची वेळ आलीच, तर मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1886 पासूनचं.

लिव्हर टॉनिकबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. बाटलीनं नुकसान सहसा होत नाही, पण बाटली चालू आहे या समाधानात पुढची तपासणी राहून जाते. दुसरी चूक पथ्याची. लिव्हर म्हटलं की अंडी-मांस तोडून नुसत्या दहीभातावर ठेवतात. डोक्यावर परिणाम झालेला नसेल तर प्रथिनं कमी करू नयेत. यकृताला स्वतःची डागडुजी करायला तीच लागतात.

दातांचं म्हणाल, तर हिरड्यांतला जुना संसर्गही यकृताचे आकडे थोडे चढवतो. म्हणून सफाई कायमची रद्द करू नका. बाइल ॲसिड ठीक आले, रक्त गोठण्याची वेळ बरोबर असली, तर भूल देणारे डॉक्टर औषध निवडून ती करू शकतात.

थांबायचं नाही ते मात्र या वेळी: हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, लघवी गडद नारिंगी झाली, शी डांबरासारखी काळी पडली, पोट फुगलं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहू लागलं, फिट आली, किंवा एक दिवस अन्नाला तोंडच लावलं नाही. अशा वेळी महिन्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि जाताना आधीचा रिपोर्ट व दिलेल्या औषधांची पाकिटं बरोबर ठेवा.