कूलरच्या आधी

कऱ्हाड

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुमचा संघ छोटा ट्रॅक्टर घेऊन इलिनॉयमधल्या पिओरियाला स्पर्धेसाठी जाणार, हे वाचून ऊर भरून आला. विद्यार्थ्यांची ती स्पर्धा 1998 पासून चालू आहे. आता तिथल्या मातीत तू जुळवलेला गिअरबॉक्स फिरेल. सरावात तो हात लावू देत नाही इतका तापतो, म्हणून कूलर बसवायचं चाललंय, असं तू लिहिलंस. थोडं थांब.

तुमच्या इंजिनाची 30 अश्वशक्ती म्हणजे साधारण 22 किलोवॅट. दातांच्या घर्षणात, बेअरिंगांत आणि तेल घुसळण्यात त्यातले सहा टक्के गेले, तरी सव्वा किलोवॅटहून जास्त उष्णता झाली. न्हाणीघरातला पाणी तापवायचा रॉडच पेटीत सोडल्यासारखं! कूलर ती बाहेर काढेल, पण वाया गेलेली ताकद चाकाला परत देणार नाही.

म्हणून आधी तेलाची पातळी बघ. ऐन उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरच्या पेटीत मी 'थंड राहील' म्हणून वाढीव तेल ओतलं होतं. गिअरांनी ते घुसळून फेस केला, पेटी आणखी तापली आणि सील गळू लागलं. खालच्या गिअरचे दात बुडून थोडं वर, एवढं तेल पुरतं. ब्रीदर मातीने बुजू देऊ नकोस. आतली हवा फुगली की सीलमधूनच वाट काढते. टेपर बेअरिंग जास्त आवळलेलं असेल, तर पेटी तिथे आधी तापेल. पण बेअरिंगचा प्ले, म्हणजे मोकळीक, ठरवताना लक्षात ठेव, अ‍ॅल्युमिनियमची पेटी पोलादी शाफ्टच्या जवळजवळ दुप्पट प्रसरते.

वजन ओढायची फेरी चटकन संपते. तिथली उष्णता धातू आणि तेल पोटात घेतात. टिकाऊपणाच्या फेरीत ही सवलत नाही. म्हणून तेलात थर्मोकपल सोड, पूर्ण भार देऊन चालव आणि दर मिनिटाचा आकडा वहीत लिही. 90 अंशांच्या आत तो स्थिरावला, तर कूलरचं ओझं कशाला? चढतच राहिला, तर आधी पेटीला फिन आणि वारा दे, मग कूलर. तापलेलं तेल दर दहा अंशांना निम्मं आयुष्य गमावतं, असा आमचा ठोकताळा आहे.

लहानपणी गॅरेजात पेटीवर तळहात ठेवून तू म्हणायचीस, "मामा, तापलीय." मी विचारायचो, "कुठे?" आजही तेच विचारतो. आकडे पाठव, कूलरचं मग दोघं मिळून ठरवू.

तुझा,
मामा