बोअरची चीर मोकळी झाली, साठा तेवढाच राहिला

जलभंजनानंतर बोअरचं पाणी वाढलं की माणूस लगेच मोठ्या मोटारीचा भाव विचारायला निघतो. माझं सांगणं एवढंच, की जरा थांबा. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे माझ्या मावसभावाच्या बोअरमध्ये पॅकर (बोअर मध्येच बंद करणारं रबरी बूच) लावून दाबाने पाणी सोडलं, कातळातल्या बुजलेल्या भेगा मोकळ्या झाल्या. दिवाळीच्या सुमारास ठेकेदाराने तासभर उपसा करून हिशेब मांडला. त्या भरवशावर ५ एचपीची मोटार बसली, गहू पेरला. गहू ओंबीवर आला आणि मोटार हवा ओढू लागली.

हिशेबाचं मूळ असं. १५ सेंटिमीटर व्यासाच्या बोअरची त्रिज्या साडेसात सेंटिमीटर. उपशाची ओढ १५० मीटरपर्यंत धरली, तर व्यास दुप्पट करूनही पाणी जेमतेम १० टक्के वाढतं. पण दोन्ही बाजूंना १०-१० मीटर गेलेली मोकळी, उभी चीर असेल, तर बोअर ५ मीटर त्रिज्येचा असल्यासारखा वागतो. ही त्याची परिणामी त्रिज्या. पातळी तेवढीच उतरवून सव्वादोन पट पाणी मिळतं.

ही त्रिज्या काढताना तीन गोष्टी जपा. पहिलं, उपशाचा वेळ चौपट झाल्यावर पातळीची घट दुप्पट होत असेल, तर अजून चिरेचाच प्रभाव चालू आहे, चाचणी लांबवा. दुसरं, एकट्या बोअरच्या मोजणीतून त्रिज्येचा वर्ग आणि खडकाचा साठवण गुणांक यांचा गुणाकारच हाती लागतो. गुणांकाचा अंदाज १०० पट चुकला की त्रिज्या १० पट चुकते. म्हणून जवळच्या विहिरीची किंवा हातपंपाची पातळीही त्याच वेळी मोजा. तिसरं, आपल्या काळ्या दगडात लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या भेगा बहुधा आडव्या असतात. त्यांना उभ्या चिरेचं सूत्र जसंच्या तसं लावू नका.

आणि त्रिज्या अचूक निघाली, तरी ती पाण्याची वाट किती सोपी झाली एवढंच सांगते. खडकातला साठा पावसानेच भरतो.

जलभंजनाआधी आणि नंतर सारख्याच उपशाने चाचणी घ्या. मोटार बंद केल्यावर पातळी किती वेगाने चढते, तेही लिहून ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. यवतमाळच्या कार्यालयात जाऊन जवळच्या विहिरीची मे महिन्याची नोंद मागा. मोटार त्या पातळीला झेपेल अशीच घ्या आणि रब्बीचं क्षेत्रही त्या पातळीवरूनच ठरवा.