रात्रीचे पाहुणे: हाकांवरून पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास

मुंबईत पक्षी कोणते, असे विचारले तर गिरगाव-परळचा रहिवासी बहुधा कावळा, कबुतर, चिमणी आणि घार ही चार नावे घेऊन थांबेल. चाळीच्या गॅलरीतून दिवसा जे दिसते त्यावरून बनलेले हे मत अपुरे आहे. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत या शहरात येणारे कित्येक पाहुणे आपण झोपेत असताना येतात. वटवट्या, माशीमार, तिरचिमणी असे छोटे पक्षी हिमालय, मध्य आशिया आणि त्याही पलीकडची आपली विणीची ठिकाणे सोडून दक्षिणेकडे निघतात. काही वटवट्यांचे वजन जेमतेम आठ-दहा ग्रॅम असते. सकाळी राणीच्या बागेतील झाडावर वटवट्या किडे टिपताना दिसला, की तो आला एवढेच कळते. तो कोणत्या रात्री आला आणि त्या रात्री आकाशात आणखी कोण होते, हे त्यावरून कळत नाही.

हे पक्षी रात्रच का निवडतात? रात्रीची हवा थंड आणि स्थिर असते, त्यामुळे शरीर तापत नाही. ससाण्यांसारख्या शिकारी पक्ष्यांचे भय कमी असते, आणि दिवस अन्न मिळवायला मोकळा राहतो. दिशा ठरवण्यासाठी त्यांना तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांचा उपयोग होतो, असे प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

काळोखातल्या या प्रवासात अनेक जाती अधूनमधून एक आखूड हाक देतात. ही हाक म्हणजे गाणे नव्हे. गाणे असते जोडीदारासाठी आणि हद्दीसाठी. उडतानाची हाक असते सोबत राखण्यासाठी. लहान पक्ष्यांची अशी हाक बहुधा सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी, किंवा त्याहूनही आखूड असते. तेवढ्यावरूनही जाणकाराला जात, निदान कुळ तरी, ओळखता येते.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. या हाका मोजण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक प्रयत्न इतिहासाच्या एका अभ्यासकाने केला. ऑरिन लिबी हे त्यांचे नाव. अमेरिकेतील मॅडिसन गावाजवळच्या टेकडीवर बसून त्यांनी सप्टेंबरमधील एका रात्री ३,८०० हाका मोजल्या आणि १८९९ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. त्यांच्याजवळ साधन होते ते फक्त कानांचे. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉयमध्ये रिचर्ड ग्रेबर आणि विल्यम कॉक्रन यांनी टेपरेकॉर्डर लावून रात्रभराच्या हाका नोंदवल्या. ऐकणारा थकतो, यंत्र थकत नाही; शिवाय तीच हाक पुन्हा ऐकून तपासता येते.

आज हे काम पुष्कळच सोपे झाले आहे. गच्चीवर आकाशाकडे तोंड करून मायक्रोफोन ठेवायचा आणि ध्वनिमुद्रण सकाळी संगणकावर घ्यायचे. संगणक ध्वनीचे चित्र काढून देतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर स्वराची उंची. लहान पक्ष्यांच्या हाका साधारण दोन ते नऊ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येतात, तर रहदारीची घरघर मुख्यतः त्याच्या खाली राहते. म्हणून गोंगाटाच्या शहरातही हाक चित्रात वेगळी उठून दिसते. हाका ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालीही आता उपलब्ध आहेत. मात्र त्यांचा निर्णय कानाने तपासल्याशिवाय वहीत उतरवू नये.

मुंबईत अडचणी आहेतच. सप्टेंबरात पाऊस असतो, गणेशोत्सवात आणि नवरात्रात लाउडस्पीकर असतात, रातकिड्यांचा किरकिराट तर हाकांच्याच पट्ट्यात येतो. तरीही शेवटची लोकल गेल्यापासून पहिली सुटेपर्यंत, म्हणजे साधारण दीड ते चार, दादर-परळलाही बरीच शांतता लाभते. तेवढा वेळ कामाला पुरेसा आहे. शिवडीची दलदल जवळ असल्यामुळे तुतवार, चिखल्या आणि रातबगळा यांच्या हाकांकडेही येथे कान ठेवावा.

नोंदीचा अर्थ लावताना मात्र सावध राहिले पाहिजे. एक तर वटवट्या रात्री उडताना बहुतेक मुकाच असतो, तिरचिमणी बोलते. तेव्हा हाक आली नाही म्हणजे पक्षी गेला नाही, असे होत नाही. दुसरे, लहान पक्ष्याची हाक काहीशे मीटरपर्यंतच पोहोचते. त्याहून उंच गेलेला थवा आपल्या हिशेबात येत नाही. तिसरे, एकच पक्षी अनेकदा हाक देऊ शकतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे दिव्यांचा परिणाम. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ आकाशात प्रखर झोत सोडले जातात. सात वर्षांतील अशा सात रात्रींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे अकरा लाख पक्ष्यांवर त्या झोतांचा परिणाम झाला असावा, असा त्यात अंदाज आहे. पक्षी प्रकाशाभोवती घिरट्या घालत, अधिक हाका देत, आणि झोत विझवताच काही मिनिटांत पांगत. याचा अर्थ, उजेडाच्या जागी हाका जास्त आल्या तर तेथे पक्षी सुखात आहेत असे नव्हे. ते वाट चुकलेले असू शकतात.

गिरणगावात जेथे गिरण्यांची धुराडी होती, तेथे आज काचेचे मनोरे उभे आहेत आणि ते रात्रभर उजळलेले असतात. पक्ष्यांच्या वाटा आणि आपल्या वाटा किती जवळून जातात, हे २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला दिसले. उतरणाऱ्या विमानाची धडक बसून सुमारे चाळीस रोहित पक्षी मेले. रोहित मोठा पक्षी, म्हणून त्याची प्रेते मोजली गेली. दहा ग्रॅमचा वटवट्या काचेवर आदळून पडला, तर पहाटे झाडूबरोबर जातो.

सालिम अली यांचे बालपण याच गिरगावातील खेतवाडीत गेले. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा मोठा अभ्यास केला. कडी सांगते पक्षी कोठून कोठे गेला ते. आज रात्री आपल्या डोक्यावरून कोण जात आहे, हे हाक सांगते. दोन्ही नोंदी एकमेकींना पूरक आहेत.

महाविद्यालयाच्या एका गच्चीवर, दरवर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर, ठरलेल्या वेळी, एकाच पद्धतीने हे काम करता येईल. तारीख, वेळ, वारा, ढग, चंद्र आणि आसपासचे दिवे लिहावेत. एकही हाक न आलेली रात्रही तितक्याच काळजीने लिहावी. एका वर्षाच्या वहीतून फारसे काही सिद्ध होणार नाही. दहा वर्षांच्या वह्यांतून मात्र कोणती हाक विरळ झाली ते दिसेल. काय होते याची नोंदच नसेल, तर काय गेले हे कोणालाही सांगता येणार नाही.