गाणं पाठ, वाचन शून्य

घरात मराठी बोलणं बंद करा, मुलाचा गोंधळ होतो, असं क्लासच्या मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं. मी काही बंद केलं नाही. वर्षाची फी मात्र त्यांनी एकरकमी घेऊन ठेवली होती. खोपोली काय, कर्जत काय, नवी इमारत उठली की तळमजल्यावर फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचन शिकवणाऱ्या क्लासचा, बोर्ड लागलाच समजा.

लेक रोज हातवारे करत ‘ब ब बॉल’ म्हणायचा. सासूबाई खूश, शेजारीण खूश. एकदा मी पाटीवर बी, ए, टी ही तीन अक्षरं लिहिली. तो म्हणाला, “ब, अ, ट... बअट.” अंगणात दिवसभर बॅट घेऊन फिरणारं पोर! पाटी घेऊन तशीच मॅडमकडे गेले. मोबाइलवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “तुमचे उच्चार मराठी ना, म्हणून होतं असं.” आणि समोरच्या वर्गात त्यांची मदतनीस जोरजोरात तेच म्हणून घेत होती, “बऽ, टऽ.”

खरी मेख तिथेच होती. आपल्या व्यंजनाला ‘अ’ चिकटूनच येतो, तो सोडवला नाही तर शब्द जुळत नाही. ‘बी’ नको, ‘ब’ही नको, ओठ मिटून तुटक ‘ब्’ म्हणा. सुरुवात स्, म्, न् अशा लांबवता येणाऱ्या आवाजांनी करा, म्हणजे ‘स्स्ऍट’ आपोआप ‘सॅट’ होतं.

त्याआधी नुसत्या कानाचे खेळ हवेत, अक्षर दाखवायचंच नाही. आमचे खेळ खोपोली लोकलमध्ये होतात. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. केळवली-डोलवलीचा शेवट सारखा वाजतो, हे लेकाने स्वतःच पकडलं. मराठी अक्षरंही क-ख-ग-घ-ङ अशा ओळीने घोकून घेऊ नका. मॅक्सीन बर्नसन यांच्या फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेने मोजकी अक्षरं आणि स्वरचिन्हं घेऊन लगेच शब्द वाचायला लावायची पद्धत रुजवली. न, म, क आणि काना एवढ्यावर नाक, कान, मामा, काका, नाना होतात. पोराला घरातली माणसं वाचता येतात, आणखी काय पाहिजे?

गणिताची तीच रड. ‘शंभरपर्यंत मोजतो’ असं प्रमाणपत्र मिळालं, आणि घरी सात वाल दे म्हटलं तर मूठभर ओतून विसापर्यंत म्हणत सुटला. एकेक दाणा सरकवत मोजायला लावा. (समोर बसा हं, दाणे नाकात जातात.) पंचवीस लिही म्हटलं की ५२, कारण आपण पाच आधी बोलतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन आलं, तेव्हा गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांची केवढी टिंगल झाली! वहीतला ५२ बघितल्यावर मला ती टिंगल अजिबात आवडली नाही. खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधा. दोन जुड्या, पाच सुट्ट्या : वीस आणि पाच, पंचवीस. तोंडाने दोन्ही म्हणा.

बाकी नेहमीचंच. रोज गोष्ट वाचून दाखवा, चुकलं तर ओरडू नका, मोबाइल लांब ठेवा. २०२१ चं सरकारी निपुण भारत अभियानसुद्धा समजून वाचन आणि साधी आकडेमोड तिसरीच्या अखेरीपर्यंत यावी म्हणतं. साडेचार वर्षांच्या पोरामागे कसली घाई लावलीय या लोकांनी?

तरी क्लास लावायचाच असेल, तर तिथल्या जुन्या मुलाला त्यांच्या पुस्तकात नसलेला शब्द वाचायला सांगा. मॅडम विषय बदलू लागल्या तर चप्पल घाला आणि घरी या. फी महिन्याची द्या, पावती हातात घेऊन. मला मागूनही पावती दिली नाही, आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे अजून त्यांच्याकडेच आहेत.