मटाराचा गोळा झाला, दोष कुणाचा?

प्रश्न : गोठवलेल्या मटाराची पिशवी घरी आणून उघडली, तर आत एकच घट्ट गोळा. दुकानदार म्हणतो कंपनीकडूनच असं आलं, कंपनी ट्रकवाल्याकडे बोट दाखवते. कंपनी आणि ट्रकवाला यांच्यात म्हणे रीतसर करार असतो. त्यात भाड्याशिवाय काही लिहिलेलं असतं का?

उत्तर : असतं, आणि करार नीट केलेला असेल तर भाडं ही त्यातली सगळ्यांत सोपी ओळ असते.

आधी तुमच्या गोळ्याकडे बघू. मटाराचे दाणे सुटे गोठवलेले असतात, पिशवी हलवली की ते खुळखुळायला हवेत. गोळा झाला म्हणजे वाटेत कुठेतरी ते वितळले आणि पुन्हा गोठले. कारखान्यात, धक्क्यावर, गाडीत की दुकानाच्या फ्रीझरमध्ये? हे नंतर शोधता यावं म्हणूनच निम्म्या अटी लिहिलेल्या असतात.

गोठवलेल्या मालासाठी उणे १८ अंश सेल्सिअस ही सर्वमान्य पातळी. पण ‘माल उणे १८ ला ठेवावा’ एवढ्या ओळीवर भांडणं मिटत नाहीत. तापमान हवेचं धरायचं की मालाचं? दार उघडलं की गाडीतली हवा लगेच तापते, माल सावकाश तापतो. उलट पुढच्या काट्यावर उणे १८ दिसत असताना दाराजवळची खोकी सैल पडू लागलेली असू शकतात. म्हणून मापायची जागा, किती अंशांची आणि किती मिनिटांची सवलत, हे सगळं अन्नकंपनीला आधीच सांगावं लागतं.

रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेली गाडी, गरम मालही गार करून देते, असा अनेकांचा समज आहे. तिचं यंत्र मुळात आहे तो गारवा टिकवण्यासाठी असतं. माल उणे १० ला चढवला तर तो उणे १८ ला उतरायची आशा नको. त्यामुळे जाणता वाहतूकदारही आपल्या अटी घालतो : चढवतानाचं तापमान दोघांनी नोंदवायचं, गाडी धक्क्यावर ताटकळत ठेवायची नाही, आतल्या भिंतीवरच्या रेघेच्या वर खोकी रचायची नाहीत, कारण हवा तिथूनच फिरते. कंपनी बदल्यात डेटा लॉगर, म्हणजे वाटभर तापमान नोंदवणारं उपकरण, मागते. डिझेल वाचवायला यंत्र बंद करणारे चालक असतातच. पोचेवर सही कितीही सुबक असो, लॉगरच्या आलेखात तापमानाचा चढ दिसतो.

‘माल खराब झाला की ट्रकवाला भरपाई देतो’ हेही अर्धसत्य. आपल्या २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याखालच्या नियमांनुसार सर्वसाधारणपणे वाहतूकदाराचं दायित्व भाड्याच्या दहापटीपर्यंतच असतं. जास्त जोखीम त्याच्यावर टाकायची तर ती आधी ठरवून त्याचा जादा दर मोजावा लागतो. आइस्क्रीमने भरलेल्या गाडीची किंमत आणि तिचं भाडं यांतला फरक बघितलात, तर ही वाटाघाट का रंगते ते कळेल.

आणि वक्तशीरपणा? ताज्या मालात तो तापमानाइतकाच मोलाचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये केएफसीने कोंबडीचा पुरवठा बिडव्हेस्ट या वाहतूक कंपनीकडून काढून डीएचएलकडे सोपवला. नवी व्यवस्था रग्बी या गावातल्या एकाच गोदामावर बेतलेली होती. सुरुवातीलाच जवळच्या महामार्गावर अपघात होऊन गाड्या अडकल्या आणि सगळंच खोळंबलं. कोंबडी ताजी, म्हणजे साठवून वेळ मारून नेण्याची सोय नाही. सुमारे ९०० दुकानांपैकी ६०० हून अधिक बंद ठेवावी लागली. गाड्या किती आणि दर काय, हे विचारण्याआधी ‘एक कडी तुटली तर दुसरी वाट कोणती?’ हे विचारायला हवं होतं, असं माझं मत. पुढच्याच महिन्यात उत्तर भागातल्या सुमारे ३५० दुकानांचा पुरवठा केएफसीने पुन्हा बिडव्हेस्टकडे दिला.