अंगातला गंधक

गंधक म्हटला की आपल्याला फटाके आठवतात. पण गंधक आपल्या अंगातही असतो, बरे का!

भिंत विटांची, तसे शरीर बारीक पेशींचे. चूल पेटली की धूर होतो. तसाच पेशी काम करू लागली की तिच्यात घातक कचरा होतो. तो पेशीतल्या बीजाला इजा करतो. बीज बिघडले की पुढच्या पेशीही बिघडतात.

हा कचरा मारायला पेशी एक पदार्थ बनवते. १९२१ साली हॉपकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला ग्लुटाथायोन नाव दिले. त्यातला गंधक घाव स्वतःवर घेतो. हा गंधक आपल्याला भाकरी, डाळ, दूध, अंडी यांतून मिळतो. पिवळा गंधक मात्र कोणी खाऊ नये.

तापावरच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या फार झाल्या, तर यकृतातला हा साठा संपतो. मग यकृताच्या पेशी मरू लागतात. पहिल्या दिवशी कदाचित काहीच कळत नाही. म्हणून वाट पाहू नये. रोग्याला लगेच मोठ्या दवाखान्यात न्यावे. तिथे गंधक असलेलेच औषध देतात. ते ८ तासांच्या आत मिळाले, तर यकृत बहुधा वाचते.

आपण गोळी डॉक्टर सांगतील तेवढीच घेऊ.