तेजाबात धुतलेले पितळ गुलाबी का पडते?

जुने पितळी पानदान, उगालदान, सिलफची किंवा साधा तांब्या तेजाबात टाकला की काळा थर जातो. पण पुष्कळदा भांडे बाहेर काढल्यावर ते पिवळे न दिसता गुलाबी दिसते, कुठे कुठे तर चक्क तांबडे. गिऱ्हाईक म्हणते, "चाचा, आमचे पानदान बदलले." कारागीर म्हणतो, "अल्लाह की कसम, तेच आहे." बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. लग्नसराईच्या आधी, किंवा फेब्रुवारीत परभणीच्या सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसासाठी पाहुणे यायचे असले की घरातली ठेवणीची भांडी बाहेर निघतात आणि पालमसारख्या गावात असे वाद ऐकू येतात. वादात कारागिराची मजुरी बुडते ती बुडतेच, पण वर्षानुवर्षांचा भरवसाही जातो. म्हणून या रंगबदलाचे कारण नीट समजून घेतले पाहिजे.

आम्ही कापडवाले. कापडाला रंग वरून चढतो, तो गेला तर खाली पांढरे सूत राहते. पितळेचे तसे नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा एकजीव. तांबे लाल, जस्त निळसर पांढरे, आणि दोघांच्या मेळातून पिवळा रंग येतो. त्यातले जस्त कमी झाले किंवा वर नुसते तांबे बसले, की रंग लालीकडे झुकणारच.

हे दोन प्रकार वेगळे आहेत आणि सगळी मेख इथेच आहे.

पहिला प्रकार वरवरचा. भांड्यावर जो काळा-तपकिरी थर असतो, त्यात तांब्याची काळी जंग असते तशी लाल जंगही असते. गंधकाच्या तेजाबात काळी जंग पूर्ण विरघळते आणि पाणी निळे होते. लाल जंग मात्र अर्धीच विरघळते. उरलेल्या अर्ध्या भागातले तांबे अगदी बारीक भुकटी होऊन तिथेच भांड्याला चिकटते. शिवाय तेजाब जुने असेल तर त्यात आधीच्या भांड्यांचे तांबे विरघळलेले असते, आणि तेही पितळेवर येऊन बसते. लोखंडाचा आकडा, तार किंवा पत्र्याचा डबा त्या तेजाबात असला तर विचारायलाच नको. लोखंड विरघळत जाते आणि त्याच्या बदल्यात तांबे पितळेवर चढते. हा एक प्रकारचा मुलामाच झाला, फक्त कोणी न मागितलेला.

दुसरा प्रकार खोलवरचा. भांडे तेजाबात फार वेळ राहिले, रात्रभर विसरले, किंवा तेजाब कडक असले, तर पितळेतले जस्त निघून जाते. मागे तांब्याची जाळी राहते, स्पंजासारखी पोकळ. आकार तोच, नक्षी तीच, पण अंगात जोर नाही. पातळ जागी भांडे पाझरू लागते, ठोकले तर तडकते. फरशी धुण्याचे म्हणून जे मिठाचे तेजाब मिळते, ते या बाबतीत फार वाईट. मीठ आणि लिंबू किंवा चिंच लावून भांडे तसेच ठेवून देण्याची घरगुती सवयही याच जातीची आहे. लावून लगेच घासले आणि धुतले तर हरकत नाही.

ओळख सोपी आहे. गुलाबी जागा पितांबरीने किंवा चिंच-राखेने जोर लावून घासावी. खाली पिवळे निघाले तर थर वरचा होता, चिंता नाही. कितीही घासले तरी लालीच राहिली, पृष्ठ खरबरीत आणि निस्तेज लागले, तर जस्त गेले असे समजावे. ते परत येत नाही. त्यावर कल्हई केली तरी भांड्याला बळ येणार नाही.

पितळेच्या या स्वभावाशी काडतुसे बनविणाऱ्यांचा रोजचा संबंध येतो. आपल्या राज्यात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा १९६४ पासून. काडतुसाच्या नळीसाठी शंभरात सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे पितळ वापरण्याची जगभर रीत आहे. पितळेची वाटी दाबून ओढत ओढत नळी करतात. ओढताना पितळ कडक होते, म्हणून भट्टीत घालून नरम करतात. भट्टीत ते काळे पडते, म्हणून सौम्य तेजाबात धुतात. म्हणजे आपल्या तांबटाचेच काम, फक्त यंत्रावर. परदेशात नेमबाज लोक वापरलेल्या नळ्या तेजाबात धुऊन पुन्हा भरतात, त्यांचीही तक्रार हीच की नळी गुलाबी झाली. तिथे नळी कमजोर असेल तर ती बंदुकीतच फाटते, म्हणून ते लोक घड्याळ पाहून धुतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणे गुन्हा आहे, पण घड्याळ पाहण्यास कोणाची मनाई नाही.

काडतुसांचा आणखी एक किस्सा आपल्याच देशातला आहे. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली काडतुसे नंतर पाहावीत तर तडकलेली निघत. तेजाब नाही, मार नाही, तरी चिरा. १९२१ साली इंग्लंडमधील मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण दाखवून दिले. घोड्यांच्या मुताने हवेत अमोनिया वायू होई, आणि ओढून-ठोकून ताणलेले पितळ त्या वायूने फाटत असे. कल्हईवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण नवसागर तापला की त्यातूनही अमोनिया निघतो. कल्हई झाल्यावर बाहेरच्या बाजूला राहिलेला नवसागर धुऊन टाकावा आणि ठोकीव भांडी गोठ्याजवळ साठवू नयेत.

आता धुण्याची रीत. आधी सोड्याच्या गरम पाण्याने तेलकटपणा काढावा, नाही तर तेजाब ठिकठिकाणी कमी-जास्त लागते आणि डाग पडतात. घरगुती भांड्यांना तेजाबाची गरज आहे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम घातले आणि भांडे पाच-दहा मिनिटे ठेवले, तर बहुतेक काळेपणा जातो. गंधकाचे तेजाब वापरायचेच असेल तर एक भाग तेजाब आणि दहा भाग पाणी घ्यावे. तेजाब नेहमी पाण्यात हळूहळू ओतावे, पाणी तेजाबात कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. भांडे प्लॅस्टिकचे किंवा चिनी मातीचे घ्यावे आणि हलवायला लाकडी काठी. थर सुटला की लगेच भांडे बाहेर काढावे, स्वच्छ पाण्यात, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, मग पुन्हा साध्या पाण्यात बुचकळावे आणि लाकडाच्या कोरड्या भुशात घोळून पुसावे. सोड्याचे पाणी चुकवले तर दोन दिवसांत तपकिरी ठिपके येतात. तेजाब निळे-हिरवे झाले की ते संपले. त्यात चुना घालून ते मारावे आणि साका खाली बसू द्यावा. नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. शोऱ्याच्या तेजाबातून तांबूस धूर निघतो, तो छातीला घातक आहे. बंद खोलीत त्याचे काम करूच नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २०१३ च्या आदेशानंतर तेजाबाच्या किरकोळ विक्रीवर बंधने आली आहेत. विक्रेत्याला नोंदवही ठेवावी लागते, घेणाऱ्याला ओळखपत्र आणि कारण द्यावे लागते, आणि अठरा वर्षांखालील कोणाला तेजाब विकता येत नाही. पोराला बाटली घेऊन पाठवण्याचे दिवस गेले.

एका गोष्टीचे दुःख वाटते. तांबे पितळेपेक्षा महाग आहे आणि तांब्याच्या भांड्यांना अलीकडे पुन्हा मागणी आली आहे. तेजाबाने गुलाबी केलेले पितळ तांबे म्हणून खपवणे कोणाला सुचणारच नाही असे नाही. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा अल्लाहच्या रसूलांनी (स.) विक्रेत्याला कसे खडसावले, तो प्रसंग आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. ही लाली त्या ढिगावरचे कोरडे धान्यच आहे. घेणाऱ्याने बुडाच्या कडेला कानस एकदा फिरवून पाहावी. खाली पिवळे निघाले तर ते पितळ.

आणि कारागिरांसाठी: भांडे घेताना गिऱ्हाईकासमोर वजन करावे, बुडाला कानशीची एक बारीक खूण करावी, वजन आणि खूण पावतीवर लिहावी. परत देताना तीच खूण दाखवावी. तोपर्यंत गुलाबी थर घासून काढलेला असावा, आणि त्या घासण्याची मजुरी आधीच ठरवून घ्यावी.